आईचा तुकडा

बोपोडी, पुणे
८ जून २०१४

चि. धम्मदीप, जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस. वाईट बातमी असती तर तार केली असती, असं लिहिणार होतो, पण तार खातं गेल्या वर्षीच बंद झालं. तेव्हा एवढंच सांगतो की माणसं सगळी खुशाल आहेत.

तू माझा फोन उचलत नाहीस. सात वेळा लावला. आठव्यांदा लावायला तू काही गॅस एजन्सी नाहीस. पत्र मात्र दारात पडलं की उचलावंच लागतं. लीड्सचा पत्ता तुझ्या बँकेच्या लिफाफ्यावरून घेतला. लिफाफा फोडलेला नाही.

आपल्यात जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. आईच्या पुण्यानुमोदनाचा दिवस. तिला जाऊन वर्ष झालेलं. भन्तेजी निघून दहा मिनिटं झाली नव्हती, पाहुणे जेवत होते, आणि तू गॅलरीत उभा राहून फोनवर आईबद्दल जे बोललास ते मी या कानांनी ऐकलं. ते वाक्य कागदावर उतरवायची माझी तयारी नाही. मी सगळ्यांसमोर ‘चालता हो’ म्हणालो आणि तू खरंच चालता झालास. तुझं इंग्लंड ठरलेलं होतं, मान्य. पण निरोप न घेता जायचं ठरलेलं नव्हतं.

असो. हे पत्र तुझ्या माशांच्या टाकीसाठी आहे. टाकी उत्तम आहे. तू काचेवर चिकटवून ठेवलेला सूचनांचा कागद पाणी लागून खराब झाला, म्हणून काही किरकोळ गोष्टी विचारतो.

पाणी रोज बोटभर आटतं. मी तेवढंच मिठाचं पाणी करून ओततो. खाऱ्या टाकीत खारंच घालायचं, बरोबर ना? दुसरं, मोठ्या दगडावरची हिरवी बटणं, ती बटणांसारखी कोरलं, मिटून बसली आहेत. ती झोपतात का? झोपत असतील तर साधारण किती आठवडे? आणि ते तुझं लाडकं, मुठींची उघडझाप करणारं कोरल, ते सध्या उघडझाप करत नाही. पांढरं पडून खाली सांडल्यासारखं दिसतंय. असं ऋतुमानाप्रमाणे होतं का? शेवटचं म्हणजे, टाकीला वास यायला हवा का?

हे सगळं फक्त माहितीसाठी. टाकी उत्तम आहे.

उत्तर एका ओळीचं आलं तरी चालेल. ओळ कसलीही असू दे.

तुझे बाबा

ता. क. जोकर मासे दोन्ही ठणठणीत आहेत. हे खरं आहे.


बोपोडी
६ जुलै २०१४

चि. धम्मदीप, जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. टपालाचं काही खरं नाही, असं धरून पुढे लिहितो.

टाकी उत्तम आहे, पण थोडी मोकळी झाली आहे. म्हणजे पाणी आहे, दगड आहेत, मासे आहेत. मोकळं घर झाडायला सोपं जातं तसं आहे. तू काळजी करू नकोस.

दिव्याच्या खोक्यात तुझी यादी सापडली. ‘श्रीधर – शनिवार. नम्रता – कात्रज.’ खाली फोन नंबर आणि कुणाकडे कुठलं कोरल आहे ते. मी सहज, फिरायला म्हणून, गेल्या रविवारी शनिवार पेठेत गेलो. श्रीधररावांचं चष्म्यांचं दुकान आहे हे तू कधी बोलला नव्हतास. मागच्या खोलीत भिंतभर टाकी. मी नाव सांगितलं, रंगराव. का ते विचारू नकोस. भीमराव म्हटलं असतं तर तुझा बाप म्हणून ओळखलं असतं आणि बापाच्या हातून काय झालं ते तुला आधी कळलं असतं. काही झालेलं नाही, पण तरी.

‘रंगराव,’ ते म्हणाले आणि चष्म्याची काच बराच वेळ पुसत राहिले. ‘राहणार?’

‘बोपोडी.’

‘टाकी केवढी?’

‘साडेतीन बाय दीड.’

‘बोपोडीत साडेतीन बाय दीडची टाकी असलेले रंगराव. असतात, असतात. बसा.’

मी अजून टेकलोही नव्हतो तर म्हणतात, ‘रंगराव, पाणी आटतं, मीठ आटत नाही. जेवढं आटेल तेवढं गोडं पाणी घालायचं, आरओचं. रोज मिठाचं ओतत बसलात तर टाकीचं लोणचं होईल.’

मी म्हटलं, ‘मी कुठं ओततो?’

‘तुम्ही नाही हो. लोक ओततात.’

पेठेतला माणूस न विचारता शिकवतो हे ऐकून होतो. इतकं नेमकं शिकवतो हे पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी दुर्बिणीसारखी एक लहान नळी दाखवली. थेंबभर पाणी टाकून उजेडाकडे धरायची आणि आतल्या रेघेवर खारटपणा वाचायचा. असं मोजमाप आहे म्हटल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होतो, मोजल्याशिवाय मी एकही नग पुढे सोडला नाही. तशीच एक नळी तुझ्या कपाटात सापडली. मी तिला टॉर्च समजून दोनदा सेल घालायचा प्रयत्न केला होता.

त्यांच्याकडून हिरव्या बटणांचा एक तुकडा घेतला. आधी खडसावून विचारलं की समुद्रातून तोडून आणलेला असेल तर घेणार नाही, गुन्हा आहे तो. तर म्हणाले, ‘रंगराव, हा या टाकीत जन्मला आणि शनिवार पेठेत वाढला. समुद्र त्यानं बघितलेला नाही. म्हणून तर एवढा ताठ आहे.’

पिशवी मांडीवर धरून बसने आलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, बटणं. त्यांनी जागा बदलली.

आता एक शंका. मी दिवा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावून ठेवतो. अंधारात कुणाला बरं वाटतं? पण काचेवर हिरवं शेवाळं साचतंय. तू किती वेळ लावायचास? ही माहिती त्या खराब झालेल्या कागदावर असणार.

एका ओळीचं उत्तर अजूनही चालेल.

तुझे बाबा


बोपोडी
३ ऑगस्ट २०१४

चि. धम्मदीप, जय भीम.

आज जे झालं ते लगेच लिहितो, नाहीतर लिहिणार नाही.

कात्रजला गेलो होतो, नम्रताकडे. डेअरीच्या मागच्या सोसायटीत, चौथा मजला, लिफ्ट बंद. पोरगी वर्ध्याकडची आहे, हिंजवडीत कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेते. माझ्याच बिरादरीतली निघाली. दार उघडताच म्हणाली, ‘या न काका. बसा आधी.’ खुर्ची टाकीपाशी मांडूनच ठेवली होती. आणि मी रुमालानं घाम पुसतोय तोवर, ‘दिवा आठच तास ठेवायचा बरं का. घड्याळाचं बटण मिळते, ते लावून टाका. दिवसभर ठेवला तर शेवाळं माजते.’

मी म्हटलं, पोरी, मी दिव्याचं विचारलंच नाही. ती म्हणाली, ‘सगळेच विचारतात जी.’

तिच्याकडे ते मुठींचं कोरल आहे. केवढं! अर्धी टाकी भरून, शंभरेक मुठी एकदम उघडतात, मिटतात. मी बघतच राहिलो. आपल्याकडचं तसंच होतं, हे मी तेव्हा कधी नीट बघितलं नव्हतं. मी म्हटलं, हे द्या. सगळं द्या. काय असतील ते पैसे सांगा.

ती हसली. म्हणाली, ‘ते नाही देता येत, काका. ती आई आहे.’

‘कोण?’

‘आई. जिच्यापासून सगळे तुकडे काढतो न, तिले आमच्या ग्रुपात आई म्हणतात. आई कोणी विकत नाही. फार पसरली, जागा उरली नाही, की कापून तुकडा देतो.’

मी म्हटलं, पोरी, जरा पाणी दे.

दीप, आता ते वाक्य लिहितो. त्या दिवशी तू गॅलरीत म्हणाला होतास, ‘हो रे, आई फार पसरलीय. जागाच उरली नाही आता. रविवारी ये, कापून देतो.’ आणि हसलास.

तुझी आई अंगानं भरलेली होती. तिच्या वजनावरून तिच्या माहेरचे बोलायचे तेव्हासुद्धा मी ताटावरून उठायचो, तुला माहीत आहे. ती स्वतः हसायची, मला मात्र सहन व्हायचं नाही. आणि त्या दिवशी, तिचा हार घातलेला फोटो आत असताना, तिचा मुलगा म्हणतो आई पसरलीय. माझं डोकं फिरलं. तू ‘बाबा, ऐका तरी’ म्हणालास, दोनदा म्हणालास, ते मला आज आठवतंय.

नम्रतानं कात्री घेतली, हातमोजे घातले आणि आईच्या कडेचा चार मुठींचा तुकडा कापून दिला. वाटलं आई मिटून जाईल. दोन मिनिटं मिटली आणि पुन्हा उघडझाप सुरू. पैसे घेतले नाहीत. म्हणे त्यांच्यात नियम आहे, ज्यानं पहिला तुकडा दिला त्याच्याकडचं मेलं, तर त्याला परत द्यायचं, विकायचं नाही. ‘आणि ही आई बोपोडीच्याच टाकीतून आलेली आहे,’ म्हणाली आणि जीभ चावली.

मी पायऱ्या उतरताना विचार करत होतो. मी तर रंगराव. रंगरावानं हिला कधी काय दिलं होतं? आणि रंगरावाचं मेलं हे हिला कुणी सांगितलं?

बाकी पुढच्या पत्रात. पेनातली शाई संपत आली आहे.

तुझे बाबा

ता. क. पेन चांगलं चालतंय. मीच अडलोय.


बोपोडी
२४ ऑगस्ट २०१४

चि. धम्मदीप, जय भीम.

आज काही गोष्टी कबूल करतो. सगळ्या एकदम नाही.

सूचनांचा कागद पाण्यानं खराब झाला नव्हता. तू गेलास त्या संध्याकाळी मी तो फाडला. चार तुकडे केले आणि वर कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकले. मग पंधरा दिवसांत टाकीतलं एकूण एक कोरल मेलं. मीठ मी ओतलं. रोज ओतलं, प्रेमानं ओतलं, पण ओतलं. टाकी उत्तम आहे असं मी तीनदा लिहिलं, ते तिन्ही वेळा खोटं होतं. मासे ठणठणीत होते, ते खरं.

आता टाकीत हिरवी बटणं आहेत, मुठींच्या कोरलाच्या चार मुठी आहेत आणि श्रीधररावांनी नंतर दिलेलं एक जांभळं, छत्रीसारखं कोरल आहे. खारटपणा सकाळ-संध्याकाळ मोजतो, वहीत लिहितो. दिवा आठ तास. काल चारपैकी एका मुठीशेजारी पाचवी बारीक मूठ दिसली. मी चष्मा काढून पुसून पुन्हा बघितली. आहे.

तू हे करताना मी मागून जाता-येता म्हणायचो की पगार पाण्यात घालतोस. पाण्यात घातलेलं वाढतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणखी एक. टाकीत जरा सोबत असावी म्हणून काल खडकी बाजारातून एक जिवंत खेकडा आणून सोडलाय. तळहाताएवढा आहे, नांग्या चांगल्या मजबूत. दगडामागे बसून असतो आणि मासे जवळ आले की नांगी उघडतो. बहुतेक खेळतो त्यांच्याशी. तुला आवडेल.

तुझे बाबा


बोपोडी
२१ सप्टेंबर २०१४

चि. धम्मदीप, जय भीम.

गेल्या रविवारी सकाळी साडेआठला दाराची बेल वाजली. दारात श्रीधरराव, हातात हातभर लांब चिमटा. मागे नम्रता, हातात जाळी आणि झाकणाची बादली.

‘रंगराव, इकडून चाललो होतो, सहज डोकावलो,’ श्रीधरराव म्हणाले.

‘चिमटा घेऊन?’

‘असतो माझ्याकडे.’

‘आणि ही? कात्रजहून सहज?’

‘रविवार आहे न काका,’ नम्रता म्हणाली आणि चपला काढून थेट टाकीपाशी गेली.

मी चहा टाकला. दोघांनी बाह्या सरसावल्या, एकेक दगड उचलला, मागे बघितलं, खाली बघितलं, वाळूत चिमटा घातला. श्रीधररावांनी जमिनीवर झोपून टाकीच्या बुडाकडून बॅटरी मारली. चहा त्यांनी खारट हातांनीच प्यायला. मी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होतो. एक अक्षर वाचत नव्हतो, ही गोष्ट वेगळी. पाऊण तासानं श्रीधरराव उठले, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘रंगराव, इथं खेकडा नाही.’

मी म्हटलं, ‘आहे असं मी कधी म्हणालो?’

नम्रता श्रीधररावांकडे बघतेय, श्रीधरराव जोकर माशांकडे.

मी म्हटलं, ‘खेकड्याबद्दल मी जगात एकाच माणसाला कळवलं होतं. तो लीड्सला राहतो.’

दीप, कारखान्यात नवा तपासनीस आला की आम्ही चांगल्या मालाच्या पेटीत मुद्दाम एक खोटा नग घालत असू. त्यानं तो बाजूला काढला की समजायचं, माणूस जागा आहे, प्रत्येक नग हातात घेऊन बघतोय. खेकडा नव्हता. कधीच नव्हता. मी खडकी बाजारात गेलो होतो ते कांदे आणायला. मी जे तुला विचारायचो त्याचं उत्तर तीन आठवड्यांनी पुण्यातलं कुणीतरी आपणहून द्यायचं, हे मला कात्रजच्या पायऱ्या उतरताना खटकलं. खात्री करायला खोटा नग घातला. तू तो पहिल्याच फेरीत पकडलास.

नम्रतानं फोन माझ्या हातात दिला. तुझे निरोप वाचले. ‘बाबा तुमच्याकडे येतील. स्वतःचं नाव सांगणार नाहीत. काहीही नाव सांगतील, हसू नका. टाकीत रोज मीठ घालताहेत, ते थांबवा, पण चूक काढल्यासारखं बोलू नका, त्यांना लागतं.’ मग, ‘दिवा आठ तास सांग. आणि गुडघे दुखतात त्यांचे, गेल्या गेल्या खुर्ची दे.’ आणि सगळ्यात शेवटी, ‘खेकडा!! आजच्या आज जा. मी सांगितलं म्हणू नका.’

कात्रजच्या पत्रानंतरचा तुझा निरोप मात्र त्यात नव्हता. मी विचारलं. नम्रता म्हणाली, ‘तेव्हा त्यानं लिहिलं नाही, फोन केला, काका. हसत होता का रडत होता, मले काही समजलं नाही.’

ते दोघं पोहे खाऊन गेले. दगड मी जागच्या जागी लावले. श्रीधरराव जाताना दारात थांबून म्हणाले, ‘येतो, भीमराव.’ मला फार बरं वाटलं. रंगरावाचा मलाही कंटाळा आला होता.

आठवडाभर मी हे पत्र मनात लिहितोय. साडेतीन महिने तू मला उत्तर देत नाहीस म्हणून मी कुढत होतो, आणि तू प्रत्येक पत्राचं उत्तर देत होतास. तुझं उत्तर घेऊन मी स्वतः बसने घरी आलोय, मांडीवर धरून. मला ते वाचता आलं नाही.

आता जे लिहायचं राहिलंय ते सरळ लिहितो, शाई पुष्कळ आहे.

माझं चुकलं. ऐकलं ते चुकीचं ऐकलं, इथपर्यंत ठीक आहे, कुणाचंही होईल. पण तू दोनदा ‘ऐका तरी’ म्हणालास आणि मी ऐकलं नाही, ती चूक माझी एकट्याची. चौतीस वर्षांत एकही नग मी हातात घेऊन, उलटापालटा करून बघितल्याशिवाय बाद केला नाही. आणि स्वतःच्या पोराला एका वाक्यावर बाद केलं, तेही चार पाहुण्यांसमोर. त्या पाहुण्यांना मी एकेक करून फोन केले आहेत. तुझ्या मामाला कोरल म्हणजे काय हे समजावून सांगायला वीस मिनिटं लागली. शेवटी तो म्हणाला, ‘म्हणजे दाजी, ते पोवळं होतं, सुंदराताई नव्हती.’ मी म्हटलं, हो.

तुझ्या आईला हे कळलं असतं तर ती हसून हसून पलंगावर आडवी झाली असती आणि दिवसभर मला त्यावरून छळलं असतं. हे आठवून मी परवा एकटाच मोठ्यानं हसलो. ती गेल्यापासून तिच्या आठवणीनं हसलो तो हा पहिलाच दिवस, आणि तो तुझ्यामुळे आला.

मला तुझी आठवण येते. हे फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. फोन केलास तर मी बहुतेक खारटपणाचे आकडे सांगत बसेन, तेव्हा यातलं काय ते समजून घे.

डिसेंबरात तुला तीन आठवडे सुट्टी असते, असं नम्रताकडून कळलं. टाकी बघायला म्हणून येऊ नकोस. टाकी बरी आहे, ती मी बघतोय.

तू मला बघायला ये.

तुझे बाबा